मोठ्या आरसी क्रॉलरच्या सस्पेन्शन लिंक: लेथवाल्यासाठी एक छोटं प्रॉडक्ट आणि त्याचं गणित



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जॉबवर्कमधून बाहेर पडून स्वतःचं प्रॉडक्ट काढण्याबद्दल बोललो. व्हिडिओत मापं आणि आकडे भरभर निघून जातात, म्हणून इथे सावकाश लिहितोय. शेजारी वही आणि व्हर्नियर घेऊन बसा.

हा धडा कोणासाठी आहे? शेडमध्ये एक लेथ आहे, काम एकाच कंपनीचं आहे, रेट तीच ठरवते आणि पेमेंटही तिच्या सवडीनं येतं. ऑर्डर थांबली की मशीन थांबतं, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा माणसाला आहे त्याच मशीनवर, आहे त्याच हातानं बनेल असं काहीतरी हवं असतं. म्हणून हे उदाहरण निवडलं.

आधी वस्तू समजून घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातला रुबिकॉन ट्रेल किंवा युटामधलं मोआब इथे लोक जीप घेऊन खडकांवर चढतात. वेग नाही, नुसतं इंच इंच चढणं. त्याचीच रिमोटवर चालणारी छोटी आवृत्ती म्हणजे आरसी रॉक क्रॉलर. सगळ्यात जास्त खपतात एकास दहा मापाच्या गाड्या. त्यांचे पार्ट बनवणारे ढीगभर आहेत, तिथे तुम्ही रेटमध्येच मराल. पण २०२१ मध्ये अ‍ॅक्सियलनं एससीएक्स६ ही एकास सहा मापाची जीप आणली. एवढ्या मोठ्या गाड्या घेणारे कमी, पण घेणारा हौशी असतो आणि पार्ट बदलत राहतो. आपला गिऱ्हाईक तो.

लिंक म्हणजे अ‍ॅक्सल आणि चासी यांना जोडणारा दांडा. दोन्ही टोकांना बॉल असलेला रॉड एंड, मध्ये बार. साधारणपणे एका अ‍ॅक्सलला चार लिंक लागतात, दोन खाली आणि दोन वर. काही गाड्यांत पुढे तीनच लिंक आणि एक पॅनहार्ड रॉड असतो, त्यामुळे गाडी बघितल्याशिवाय 'आठचा सेट' म्हणून मोकळे होऊ नका. खालच्या लिंक अ‍ॅक्सलचा जोर चासीपर्यंत नेतात आणि दगडावर घासतातही. वरच्या लिंक अ‍ॅक्सलला स्वतःभोवती फिरू देत नाहीत.

आता बरेच जण म्हणतील, छोट्या गाडीची लिंक घेतो आणि मोठी करून बनवतो. ते जमत नाही. एकास दहावरून एकास सहावर गेलं की प्रत्येक लांबी १.६७ पट होते. पण वजन लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून वाढतं, म्हणजे जवळपास ४.६ पट. आणि दांड्याचा छेद वाढतो फक्त २.८ पट. म्हणजे त्याच मटेरियलच्या प्रत्येक चौरस मिलीमीटरवर १.६७ पट जास्त भार आला. छोट्या गाडीत जी लिंक मजेत चालते तीच मोठ्या गाडीत पहिल्या मोठ्या दगडावर केळ्यासारखी वाकते.

मग लोक धावतात ७०७५ अ‍ॅल्युमिनियमकडे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गिऱ्हाईक हे विचारणार. ६०६१-टी६ कायमची वाकायला साधारण २७५ मेगापास्कलला सुरुवात होते, ७०७५-टी६ ला सुमारे ५०० लागतात. पण भाराखाली लवण्याचं प्रमाण दोघांचंही जवळपास सारखंच, कारण दोघांचा ताठपणा ७० गिगापास्कलच्या आसपास. ७०७५ लवते तेवढीच, फक्त भार काढल्यावर सरळ होण्याची ताकद जास्त. लवणंच कमी करायचं असेल तर व्यास वाढवा. ८ मिमीचा बार १० केला की वजन वाढतं १.५६ पट आणि ताठपणा २.४४ पट. यापेक्षा स्वस्त सुधारणा मला तरी माहीत नाही. आणि मटेरियल घेताना डीलरकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा. ६०६३ दिसायला अगदी तशीच असते, पण मऊ असते.

खालच्या लिंकसाठी मी स्टेनलेस सुचवेन. १० मिमी व्यासाचा १६२ मिमी बार अ‍ॅल्युमिनियममध्ये ३४ ग्रॅम भरतो, ३०४ स्टेनलेसमध्ये साधारण १०० ग्रॅम. चार लिंक मिळून गाडीच्या अगदी तळाशी पाव किलोपेक्षा जास्त वजन वाढलं. क्रॉलरला हेच हवं असतं, वजन खाली गेलं की गाडी चढावर उलटत नाही. शिवाय दगडावर घासून अ‍ॅल्युमिनियमला खाचा पडतात आणि खाच दगडाच्या कडेत अडकते. वरच्या लिंक मात्र हलक्या, अ‍ॅल्युमिनियमच्याच.

आता लांबी. या धंद्याचा जीव इथे आहे. गिऱ्हाईक बारची लांबी मागत नाही, तो मागतो एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्या बॉलच्या मध्यापर्यंतचं अंतर. समजा त्याला १९० मिमी हवं आणि तुमच्या रॉड एंडचं बॉलच्या मध्यापासून टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं माप १४ मिमी आहे. दोन टोकांचे २८ वजा केले, बार राहिला १६२. हे १४ कॅटलॉगवरून घेऊ नका, हातातला रॉड एंड मोजा आणि वेगळ्या लॉटचा आला तर परत मोजा. पूर्ण लिंक मोजायची साधी पद्धत अशी: दोन्ही बॉलमध्ये एकाच व्यासाच्या दोन पिन घाला, व्हर्नियरनं पिनांच्या बाहेरून बाहेर माप घ्या आणि एका पिनचा व्यास वजा करा.

"अर्धा मिलीमीटर इकडे तिकडे, रॉड एंड फिरवून घेईल की तो," असं कारागीर म्हणेल. एम५ च्या आट्यांचा पिच ०.८ मिमी असतो. बॉलचं भोक सरळ राहायला रॉड एंड अर्ध्या फेऱ्यातच फिरवता येतो, म्हणजे ०.४ च्या पायऱ्या. आणि फिरवला की तो तोंडावर टेकत नाही, सगळा भार एकट्या स्टडवर जातो. आता बघा, खालच्या दोन लिंक १२० मिमी अंतरावर आहेत आणि एक अर्धा मिमी लांब आहे. ३०० मिमी रुंद गाडीत डाव्या-उजव्या चाकांत सव्वा मिमीचा फरक पडला. गिऱ्हाईक फूटपट्टी लावून फोटो पाठवेल. एखाद्या सेटची सगळीच लांबी ०.१ नं चुकली तर कोणाला कळणार नाही, पण जोडीतल्या दोन लिंक एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत. पार्सल उघडल्यावर तो सगळ्यात आधी हेच बघतो.

त्यामुळे बार कापण्याआधी स्टॉपर बनवा. चकच्या आत पक्का स्टॉपर, बार त्याला टेकवायचा, कॅरेजलाही स्टॉप, मग फेसिंग. प्रत्येक तुकडा मोजत बसायचं नाही. एक टोक सगळ्यांचं आधी, मग पलटून दुसरं. सेंटर ड्रिल, ड्रिल, चॅम्फर, टॅप. एम४ ला ३.३ मिमी ड्रिल, एम५ ला ४.२, एम६ ला ५. अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे व्यासाच्या दुप्पट खोल हवेत, आणि भोक त्याहून चार-पाच मिमी जास्त, नाहीतर टॅप तळाला लागून तुटतो. एका टोकाला उलटे आटे दिले तर लिंक गाडीवरून न काढताच लांबी बदलता येते, पण त्याला उलट्या आट्यांचा रॉड एंडही लागतो. पहिल्या लॉटला या भानगडीत पडू नका.

बाक असलेल्या लिंकही पहिल्या लॉटला नकोत. मागणी आहे, कारण मध्ये उंची मिळते. पण दोन्ही टोकं बॉलवर मोकळी असल्यानं वाकडी लिंक स्वतःभोवती फिरते आणि वरचा बाक खाली येतो. शिवाय टी६ ची ६०६१ थंड वाकवली तर छोट्या त्रिज्येत तडकते.

अ‍ॅनोडायझिंगला देताना आट्यांची भोकं रबरी प्लगनं बंद करायला सांगा. पृष्ठभागावर १० मायक्रॉन थर चढला तर आट्यांच्या पिच व्यासात ४० मायक्रॉनचा फरक पडतो आणि स्टड अर्ध्यात अडकतो.

आता पैसे. हे आकडे समजण्यापुरते धरा, तुमचे तुम्ही घड्याळ लावून काढा. मशीनचा तासाचा दर ४०० रुपये, त्यात तुमची मजुरीही धरली. प्रत्येक तुकडा मोजत बनवला तर एका लिंकला ११ मिनिटं, आठच्या सेटला ८८, खर्च ५८७ रुपये. स्टॉपर लावून ६ मिनिटं, सेटला ४८, खर्च ३२०. पन्नास सेटमागे १३ हजारांच्या वर फरक. पण स्टॉपर आणि सेटिंगला तीन तास गेले, म्हणजे १,२०० रुपये. तीनच सेट काढलेत तर सेटमागे ४०० चढले, पन्नास काढलेत तर २४. "आधी दोन-तीन विकून बघतो" म्हणणाऱ्याला यात तोटाच दिसतो आणि तो प्रॉडक्ट सोडून देतो. नमुन्याचे तीन सेट मार्केटिंगच्या खात्यात लिहा, कॉस्टिंगमध्ये नको.

बारचंही बघा. १६२ मिमीला कटिंग आणि फेसिंगचे ३ धरले तर १६५. तीन मीटरच्या बारमधून १८ तुकडे. सेटला खालच्या चार, म्हणजे चार सेट आणि दोन तुकडे उरले. दोन बार घेतले की ३६ तुकडे, बरोबर नऊ सेट. ऑर्डर दोन बारच्या पटीत द्या.

बाहेर विकायचं तर आयईसी नंबर लागतो, डीजीएफटीच्या साइटवर ५०० रुपयांत मिळतो. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे. ड्युटी कोण भरणार हे ऑर्डर घेण्याआधी गिऱ्हाईकाला लिहून कळवा. आणि मालाच्या वर्णनात 'एससीएक्स६ ला बसणारी' असं लिहा, त्यांचा लोगो कुठेही छापू नका.

होमवर्क: या आठवड्यात स्टॉपर लावून भंगारातल्या बारचे दहा तुकडे एकाच लांबीचे कापा. व्हर्नियरनं दहाही मोजा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा यातला फरक वहीत लिहा. तो ०.१ मिमीच्या आत आला की मगच स्टेनलेसच्या बारची ऑर्डर द्या. पुढच्या व्हिडिओत रॉड एंड कुठून घ्यायचे आणि सेट पॅक कसा करायचा ते बघू.