घटक ४ : प्रतीक, पुराकथा आणि हस्तनिर्मित अलंकार

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• मराठी दागिन्यांच्या नावांतून व्यक्त होणारे लोकजीवन स्पष्ट करता येईल.
• पुराकथेचे अलंकारातील आकृतीत रूपांतर कसे होते, ते सांगता येईल.
• प्रतीकाचा अर्थ काळानुसार का बदलतो, याचे सोदाहरण विवेचन करता येईल.
• आपल्या परिसरातील एका दागिन्याची नोंद करून नव्या दागिन्याचा आराखडा मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘अलंकार’ हा शब्द आपल्याला काव्यशास्त्रामुळे परिचित आहे. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा यांना आपण काव्याचे अलंकार म्हणतो. परंतु ही संज्ञा मुळात देहावर धारण करावयाच्या भूषणांवरून आली आहे. मराठीत याच अर्थाचा ‘लेणे’ हा एक सुंदर शब्द आहे. अंगावरचा दागिना म्हणजे लेणे आणि अजिंठा-वेरूळच्या कातळात कोरलेले शिल्पमंदिर म्हणजेही लेणे. स्त्रिया कुंकू लेतात, काजळ लेतात. धारण करणे आणि घडवणे या दोन्ही क्रियांना हा शब्द स्पर्श करतो.

दागिना केवळ शोभेसाठी नसतो. त्यात एखादी समजूत, एखादी कथा, कधी एखादे सामाजिक बंधनही घडवलेले असते. म्हणूनच भाषेच्या आणि संस्कृतीच्या अभ्यासकाने दागिना ‘वाचावयास’ शिकले पाहिजे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नावांतील लोकजीवन

बोरमाळ, चिंचपेटी, जोंधळी पोत, जवमणी ही नावे पाहा. बोर, चिंच, जोंधळा, जव यांपैकी एकही वस्तू राजवाड्यातली नाही. सर्व शेत-शिवारातल्या आहेत. सोन्यासारख्या मौल्यवान धातूला घाट देताना कारागिराने पिकांचे आणि फळांचे आकार निवडले. धान्याची समृद्धी हीच ज्या समाजाची संपत्तीची कल्पना होती, त्याची ही भाषा आहे. रूपक या अलंकारात उपमेय आणि उपमान एकरूप होतात. येथेही सोन्याचा मणी जोंधळ्याचा दाणाच होऊन जातो.

४.२.२ कोल्हापुरी साज : कथांची माळ

पुराकथा आणि दागिना यांचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे कोल्हापुरी साज. जवमणी आणि त्यांच्यामध्ये गुंफलेल्या पानड्या अशी त्याची रचना असते. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या गणनेनुसार पानड्या २१ असतात : १० विष्णूच्या अवतारांच्या, ८ अष्टमंगलांच्या, २ माणिक व पाचू यांच्या आणि शेवटची डोरल्याची. मासा, कासव, कमळ, चंद्र असे आकार त्यांत ओळखू येतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नखाएवढ्या पानडीत संपूर्ण कथा मावत नाही. कारागीर केवळ एक खूण ठेवतो. कासव दिसताच समुद्रमंथन आणि पाठीवर पेललेला मंदार पर्वत आठवावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. कथा दागिन्यात नसते, ती पाहणाऱ्याच्या स्मृतीत असते. ती स्मृती पुसली गेली, तर कासव हे केवळ ‘डिझाइन’ उरते. साच्यातून शेकड्यांनी निघणाऱ्या दागिन्यांत आकार टिकतो, अर्थ मात्र टिकेलच असे नाही. हस्तकलेपुढील खरा प्रश्न हा आहे.

४.२.३ पुतळी : अर्थांतराचे उदाहरण

प्रतीकांचे अर्थ स्थिर नसतात. व्यापाराच्या ओघात व्हेनिसची सोन्याची नाणी भारतात आली. त्यांच्या एका बाजूस संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, तर दुसऱ्या बाजूस ख्रिस्त अशा आकृती होत्या. मनुष्याकृतींमुळे या नाण्याला येथे ‘पुतळी’ म्हणू लागले. पुढे तशाच चकत्या ओवून पुतळ्यांची माळ तयार झाली आणि तिच्यावर लक्ष्मीसारख्या देवता विराजमान झाल्या. परक्या श्रद्धेची आकृती आपल्या श्रद्धेत सामावून घेण्याची ही प्रक्रिया भाषेतील तत्सम-तद्भव शब्दांच्या प्रवासासारखीच आहे.

४.२.४ कथेकडून आकृतीकडे

नवा दागिना रचताना पुढील टप्पे उपयुक्त ठरतात.

(अ) कथेचा गाभा शोधणे : मत्स्यकथेत मासा महत्त्वाचा आहेच, परंतु प्रलयात मनूची नौका माशाच्या शिंगाला बांधलेली आहे. तारणारा आणि तरणारा यांना जोडणारी दोरी हा या कथेचा गाभा मानला, तर पदकातला मासा आणि गळ्यातली साखळी यांचे नातेच बदलते. साखळी ही दोरी होते आणि कथा सांगू लागते.

(आ) रेषा कमी करणे : लहान पत्र्यावर बारीक तपशील टिकत नाहीत. चार-पाच रेषांत ओळख पटली पाहिजे. ओवीतील अल्पाक्षरत्वाचा गुण येथे आठवावा.

(इ) माध्यमाचा स्वभाव जाणणे : उठावकामासाठी चांदीचा पत्रा तापवून मऊ केलेल्या राळेवर बसवतात आणि मागील बाजूने ठोकून आकार वर आणतात. ठोकल्याने धातू कडक होतो, म्हणून तो मधूनमधून तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. सुटे भाग डाक लावून जोडतात. डाक मूळ धातूपेक्षा कमी उष्णतेला वितळतो, म्हणूनच दागिना न वितळता सांधा जुळतो. घाई केल्यास पत्रा फाटतो.

(ई) देहाचा विचार करणे : दागिना भिंतीवर टांगावयाचा नाही. त्याचे वजन, कडांची धार आणि धारण करणारीचे रोजचे काम यांचा विचार आराखड्यातच व्हावा.

४.२.५ अहेवलेण्याचा प्रश्न

‘अहेव’ हा शब्द संस्कृत ‘अविधवा’ यावरून आला आहे. म्हणजे ‘अहेवलेणे’ या शब्दातच विधवेला वगळलेले आहे. मंगळसूत्राचे काळे मणी आणि दोन वाट्या यांत मांगल्य आहे, तसेच पतीच्या निधनानंतर ते उतरवण्याची सक्तीही इतिहासात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा त्यात नाकारल्या गेल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हे अनुकरण करावे, असे आवाहन केले. ज्या जिल्ह्याने साज दिला, त्याच जिल्ह्याने लेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही ऐरणीवर आणला. प्रतीक निवडणाऱ्या कलावंताला हा प्रश्न टाळता येत नाही : आपली आकृती धारण करणारीला मोकळे करते की बांधते?

४.३ क्षेत्रीय कार्य

समजा, आपण विक्रोळीत राहता. कन्नमवार नगर किंवा टागोर नगर यांसारख्या वसाहतींत कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आलेली कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. अशा एखाद्या आजींना विनंती करून त्यांच्या दागिन्याचे नाव, त्यांच्या बोलीतील उच्चार, तो मिळाल्याचा प्रसंग आणि त्यांना माहीत असलेला अर्थ लिहून घ्या. दागिन्याचे मोल विचारू नका, आठवण विचारा.

त्यानंतर परिसराकडे पाहा. विक्रोळीच्या पूर्वेस ठाण्याच्या खाडीलगत तिवरांचे वन आहे. चिखलातून वर येणारी त्यांची श्वसनमुळे आणि खाडीत उतरणारे रोहित पक्षी यांत नव्या प्रतीकाची शक्यता आहे. पाण्यात राहूनही श्वास घेणारे मूळ आणि प्रलयातून तारणारा मासा यांना जोडून पदकाचा आराखडा काढा. सोबत शंभर शब्दांत आपल्या निवडीचे कारण लिहा.

४.४ सारांश

दागिन्याचे नाव लोकजीवन सांगते, आकृती पुराकथा सुचवते आणि त्याचा वापर समाजाचे नियम उघड करतो. प्रतीकाचा अर्थ पाहणाऱ्याच्या स्मृतीत जगतो आणि काळानुसार बदलतो. म्हणून आकृतीबरोबर कथा जपणे आणि कालबाह्य बंधन नाकारणे ही दोन्ही कामे कलावंताची आहेत.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘लेणे’ आणि ‘अहेवलेणे’ या शब्दांतील सांस्कृतिक आशय स्पष्ट करा.
२. कोल्हापुरी साजाच्या आधारे ‘कथा दागिन्यात नसते, स्मृतीत असते’ या विधानाची चर्चा करा.
३. पुतळीच्या उदाहरणावरून प्रतीकाचे अर्थांतर विशद करा.