हिंजवडीला राहायला येण्याआधी

अगं, न्यू जर्सीचं घर विकून तू आणि जावईबापू दोघं हिंजवडीत राहायला येताय, हे ऐकून फार बरं वाटलं. फरशी कुठली, किचनचं काम कुणाला द्यायचं, हे सगळं इथे आल्यावर होईल. कागदांचं मात्र तिथे असतानाच उरकून ये. परदेशी पासपोर्ट घेऊन आलेली आमच्यासारखी निवृत्त माणसं या बाजूच्या सोसायट्यांमध्ये आता बरीच आहेत आणि सगळ्यांचं घोडं थोड्याफार फरकाने त्याच ठिकाणी अडतं. म्हणून सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधी मनात पक्की धर. इथे तुला तीन ठिकाणी तीन वेगळे प्रश्न विचारतात. गृहखातं विचारतं, नागरिकत्व कुठलं? बँक विचारते, कायम राहायला आलात का? आयकर खातं विचारतं, या वर्षात भारतात किती दिवस होतात? तू नागरिकत्वाने अमेरिकन, बँकेच्या लेखी निवासी आणि कराच्या लेखी पहिली दोन-तीन वर्षं अधलीमधली असू शकतेस, आणि ही तिन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असतात. एका टेबलावरचं उत्तर दुसऱ्या टेबलावर दिलं की घोळ सुरू होतो.

व्हिसाचं त्यातल्या त्यात सोपं आहे. निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा भारताने ठेवलेलाच नाही. आपल्यासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड. ते नसेल तर घाईघाईने टुरिस्ट ई-व्हिसावर येऊ नकोस, कारण त्यावर अमेरिकन माणसाला सलग १८० दिवसांपलीकडे राहता येत नाही. ओसीआय असलं की कितीही वर्षं राहा, परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही. जुना भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा केल्याचा दाखला मात्र जपून ठेव, तो पुढे पुष्कळदा मागतात. नवा पासपोर्ट काढला की कार्डही नवं काढावं लागतं असं कुणी सांगेल. तो नियम २०२१ मध्ये बदलला. आता पन्नाशी उलटल्यावर एकदा, नवा पासपोर्ट हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, पासपोर्टची प्रत आणि फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचे. फी नाही. एजंटला पैसे देऊ नकोस.

जावईबापूंना मुळशीत फार्महाऊस हवंय, असं तू म्हणत होतीस. त्यांना आत्ताच सांग, ओसीआयवाल्याला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आली तर गोष्ट वेगळी. माण, मारुंजी, कासारसाई भागात ‘होऊन जाईल’ म्हणणारे दलाल भेटतील. पैसे तुमचे जातील, त्यांचं काही जाणार नाही. फ्लॅट घ्या, त्याला कसलीच आडकाठी नाही. मतदारयादीत जुनं नाव राहिलं असेल तर तेही काढून टाका. परदेशी नागरिकाचं नाव यादीत असणं हा गुन्ह्याचा विषय होऊ शकतो.

आता नावाचं. माझ्या मते निम्म्या अडचणी इथूनच निघतात. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी रीत. अमेरिकन पासपोर्टवर कुणी मधलं नाव गाळलेलं, कुणी माहेरचं आडनाव मध्ये घातलेलं. जुन्या पॅनवर तिसरंच, आजोबांच्या घराच्या सातबारावर चौथं. बँकेचा संगणक हे सगळं एकच माणूस आहे, असं मानत नाही. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण धर. ओसीआय त्यावरूनच बनतं. मग पॅन दुरुस्त कर, मग बँक, मग फ्लॅटचा करार. आधार शेवटी, कारण त्याआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्याशिवाय ते मिळत नाही, आणि ओसीआयवाल्यांचं आधार दहा वर्षांपुरतं असतं. तुमचं लग्न कार्यालयात झालं, पण नोंदणी केली होती का? नसेल तर १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली उशिरानेही करता येते. तो दाखला इथेही लागतो आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीलाही.

पत्त्याकडेही लक्ष दे. हिंजवडी पिंपरी-चिंचवडच्या पोलीस आयुक्तालयात येते, महसुलाला तालुका मुळशी, घरपट्टी ग्रामपंचायतीची आणि पत्रावर शहर पुणे. शिवाय इंग्रजीत गावाचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहितात. महावितरणच्या बिलावर जसा पत्ता असेल तसाच, अक्षर न् अक्षर, सगळीकडे लिहायचा. आधी भाड्याने राहणार असाल तर नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार घ्या, नुसता नोटरीचा नको. फ्लॅटसाठी भावाला मुखत्यारपत्र देणार असलीस तर तिथे नोटरी करून अपॉस्टिल करून घे आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भर.

बँकेत कायम राहायला आलो हे लगेच सांगायचं. कराचे दिवस मोजावे लागतात, बँकेच्या बाबतीत मात्र इथेच राहायचं म्हणून उतरलात की दर्जा बदलतो. एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, साधं निवासी करून घ्यायचं. त्यात तुमचाच फायदा आहे: एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर अधिभार कापते, निवासी झाल्यावर १० टक्के, आणि ज्येष्ठांचा वाढीव व्याजदरही मिळू लागतो. एनआरईचं, म्हणजे परदेशातल्या कमाईच्या अनिवासी खात्याचं, व्याज करमुक्त असतं म्हणून ते खातं तसंच चालू ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. निवासी झाल्यावर ती करमाफी उरत नाही आणि पुढे हिशेब निघतो. परकीय चलनातली एफसीएनआर ठेव मुदतीपर्यंत तशीच राहू द्यावी. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं मागा. परतून आलेल्यांसाठीच ते आहे आणि त्यातले पैसे परदेशात वापरायला बंधन नाही. इथल्या शाखांना आयटीतल्या मुलांच्या पगार खात्यांची सवय. आरएफसी म्हटल्यावर समोरचा मुलगा गोंधळला तर रागावू नकोस, परकीय चलनाचं काम पाहणाऱ्या शाखेचा पत्ता विचार.

कराची ती अधलीमधली अवस्था म्हणजे आरएनओआर. इतकी वर्षं बाहेर काढलेल्यांना ती साधारण दोन, कधी तीन वर्षं मिळते. तेवढ्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर नाही. म्हणून परतायची तारीख तिकिटाच्या दरावरून ठरवू नका, सीएला विचारा. एप्रिलमध्ये उतरणं आणि नोव्हेंबरमध्ये उतरणं यात एका वर्षाचा फरक पडू शकतो. तो काळ संपला की परदेशातलं प्रत्येक खातं इथल्या विवरणपत्रात दाखवायचं, निवृत्तीसाठीचं ४०१-के खातंसुद्धा. लपवल्यास दंड दहा लाखांचा. सोशल सिक्युरिटीवर मात्र दोन देशांमधल्या करारानुसार फक्त अमेरिकेत कर लागतो, हे सीएला आठवणीने सांग. सगळ्यांनाच ते ठाऊक असतं असं नाही.

आणि अमेरिकन नागरिक म्हणून तिथलं विवरणपत्र जन्मभर भरायचं आहे. इथल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. आपल्या म्युच्युअल फंडांवर तिथला कर इतका किचकट आणि जड आहे की त्या वाटेला जाऊ नका. बँकेतला मुलगा एसआयपीचा फॉर्म पुढे करेल, त्याला नाही म्हण. निघण्यापूर्वी तिथल्या बँकेला आणि ब्रोकरेजला विचार, भारतातला पत्ता चालेल का? काही ठिकाणी चालत नाही. चालेल तिथे आधीच पैसे हलव. तिथला मोबाइल नंबर बंद करू नकोस, स्वस्तातल्या प्लॅनवर घे. ओटीपी त्याच नंबरवर येतात.

परदेशात राहणाऱ्यांना सोशल सिक्युरिटीकडून ७१६२ नंबरचा फॉर्म टपालाने येतो, तुम्ही हयात आहात का ते विचारणारा. तो भरून पाठवला नाही तर पैसे थांबतात. आमच्यासारख्या मोठ्या टाउनशिपमध्ये टपाल गेटवरच पडून राहतं, म्हणून तो यायच्या सुमारास, उन्हाळ्यात, सोसायटीच्या ऑफिसात आपणहून चौकशी करत जा. (मेडिकेअर इथे चालत नाही. आरोग्य विमा वेगळा बघा, वय वाढायच्या आत.)

राहिलेलं एक तुझ्याशीच बोलायचंय, जावईबापूंच्या देखत वाचलंस तरी हरकत नाही. आपल्या पिढीतल्या बहुतेक घरांत हे सगळं नवरा पाहतो. मग एक दिवस तो नसतो, आणि बाईला पासवर्डही ठाऊक नसतो. इथली खाती दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो, अशा पद्धतीची करा. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, तेही भरा. माणूस गेल्याचं सोशल सिक्युरिटीला लगेच कळवावं लागतं. नंतर आलेले पैसे ते परत घेतात आणि मागे राहिलेल्या जोडीदाराचा हक्क पुष्कळदा वेगळा अर्ज करून मिळवावा लागतो. ते पैसे जमा व्हायला तुझ्या एकटीच्या नावाचं खातं तिथे असलेलं बरं. ते याच महिन्यात उघड, तिथला पत्ता तुझा आहे तोवर.