घरच्या डॉक्टराच्या निष्काळजीपणाबद्दल भरपाई

भाट्याची खाडी पुलाने ओलांडली की रत्नागिरी शहर लागते. तरी दुखणे आले म्हणजे गावकरी प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टराकडेच जातात. तो बापाच्या वेळेपासूनचा, रात्री हाक मारताच येणारा, पैसे मागाहून घेणारा असा असतो. म्हणून त्याच्या हातून घरचे माणूस दगावले, तर भरपाई मागणे हा कृतघ्नपणा होईल असे पुष्कळांस वाटते. उलटपक्षी कित्येक जण रोगी दगावला एवढ्यावरूनच डॉक्टरास अपराधी ठरवितात. ह्या दोन्ही समजुती कायद्यास मान्य नाहीत. कायदा काय पाहतो, हे कळण्यास ह्याच किनाऱ्यावर आरंभ झालेला एक खटला आपण नीट पाहू.

भाट्याच्या उत्तरेस, गुहागर तालुक्यात, पालशेत गाव आहे. तेथील पुळणीवर ६ मे १९५३ रोजी सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी पायास फळ्या बांधून तो स्थिर केला. आपणांस जे साधत नाही त्यात हात न घालणे, हेही आम्ही वैद्याचे कौशल्यच समजतो. पुढे ९ मे रोजी त्यास पुण्यास एका शल्यवैद्याच्या रुग्णालयात दाखल केले, आणि त्याच रात्री नऊच्या सुमारास तो मरण पावला.

मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, त्यामुळे काय विचारावे हे त्यांस ठाऊक होते. आईबापांनी दिवाणी दावा लावला. शल्यवैद्याचे म्हणणे असे की, आपण पाय केवळ स्थिर केला व चरबीचे कण रक्तात शिरल्याने मृत्यू ओढवला. न्यायालयास ते पटले नाही. भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या एका मात्रेवर, माणसांकडून पाय जोराने ओढवून हाड बसविण्यात आले व त्या धक्क्याने मुलगा गेला, असे ठरले. भरपाई ३,००० रुपये मिळाली. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले ह्या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २ मे १९६८ रोजी तेथेही तोच निकाल कायम झाला. पंधरा वर्षे व तीन हजार रुपये! त्या आईबापांनी पैशासाठी दावा लावला असे कोण म्हणेल?

त्या निकालात न्यायालयाने डॉक्टराची कर्तव्ये सांगितली, ती आजही प्रमाण मानली जातात. रोगी हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा, आणि तो उपचार कसा करावा, ह्या तिन्ही ठिकाणी त्याने वाजवी काळजी घेतली पाहिजे. सर्वांत निष्णात वैद्याचे ज्ञान त्याच्याकडून अपेक्षित नाही. साधारण जाणत्या वैद्याइतके मात्र अपेक्षित आहे. रोगी बरा झाला नाही, एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही.

घरच्या डॉक्टराविषयी ह्याहूनही जवळचा निकाल मुंबईचा आहे. होमिओपॅथीची पदविका असलेल्या एका डॉक्टरने १९९२ च्या जुलैमध्ये एका रोग्यास आधी विषाणूजन्य तापावरील व मग विषमज्वरावरील अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली; रोगी त्याच महिन्यात दगावला. राष्ट्रीय आयोगाने विधवेची तक्रार फेटाळली. परंतु १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला तीन लाख रुपये देवविले. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्या शास्त्राची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालय म्हणाले. तेव्हापासून महाराष्ट्रात ह्या विषयीच्या कायद्यात फेरफार झाले आहेत, म्हणून केवळ पाटीवरील पदवी वाचून निष्कर्ष काढू नये.

आता मार्गाविषयी. १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. सध्याचा कायदा २०१९ चा आहे. तक्रार रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि डॉक्टरास दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास फी लागत नाही. जेथे सर्वांस मोफत उपचार मिळतात अशा सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र हा मार्ग नाही. तेथे दिवाणी न्यायालयातच जावे लागते. पोलिसांकडे धाव घेण्याची आपल्याकडे फार खोड आहे. परंतु फौजदारी गुन्ह्यास घोर निष्काळजीपणा लागतो, असे २००५ साली ठरले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरास शिक्षा करू शकते, भरपाई देववू शकत नाही.

बहुतेक दावे बुडतात ते कागदांवाचून व विलंबाने. ग्राहक आयोगाकडील तक्रार, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत झाली पाहिजे. घरच्या डॉक्टराचा भिडस्तपणा धरून लोक वर्ष दीड वर्ष गप्प बसतात, आणि मग वकिलाकडे जातात तेव्हा हाती एक चिठ्ठीही नसते. म्हणून औषधांच्या चिठ्ठ्या, पावत्या, तपासण्यांचे अहवाल, रिकाम्या बाटल्या व वेष्टणेसुद्धा जपून ठेवावी. कोणत्या दिवशी कोणते इंजेक्शन दिले, हे आठवणीत ताजे असतानाच लिहून काढावे. रोग्याच्या नोंदींची प्रत लेखी मागितल्यास डॉक्टराने ती ७२ तासांच्या आत दिली पाहिजे. पण त्या नोंदी तो उपचाराच्या आरंभापासून तीनच वर्षे ठेवण्यास बांधलेला आहे. मग त्या प्रती दुसऱ्या जाणत्या डॉक्टरास दाखवून त्याचे मत लेखी घ्यावे.

ज्या घरी लिहिता येणारे कोणी नाही, तेथे मंडळीतील शिक्षकाने किंवा सेवकाने मागणीचा हा अर्ज लिहून द्यावा व त्याची पोच घ्यावी. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्नाची माणसे ह्यांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. त्याचे कार्यालय रत्नागिरीस आहे.