परक्याची रक्कम

कराड

चि. माईस,

परवा मिरजेच्या लग्नात, पंगत उठल्यावर, आपल्या नात्यातील त्या हळदीच्या अडत्याने मला बाजूस घेऊन जी गोष्ट कानावर घातली, तिने माझे चित्त इतके अस्वस्थ केले आहे की ती तुझ्याकडून समजून घेतल्यावाचून मला स्वस्थता लाभणार नाही. तो म्हणाला की, सांगलीच्या गणपती पेठेतील एक-दोन दुकानदार आपल्या जीएसटीची रक्कम दरमहा तुझ्या खात्यावर पाठवितात, त्यांच्या वतीने ती तू भरतेस, आणि गेल्या खेपेस एकाची रक्कम मुदतीत भरली गेली नाही अशी पेठेत कुजबूज आहे. तू कोणाचा पैसा बुडविशील ही कल्पनाही माझ्या मनास शिवत नाही; तथापि परक्याचा पैसा तुझ्या खात्यात मुळी यावाच का?

अग, जीएसटीच्या पोर्टलवर चलन तयार केले म्हणजे ते पंधरा दिवस चालते. त्याची प्रत दुकानदाराच्या फोनवर पाठवावी, त्याने आपल्या बँकेतून रक्कम भरावी, ती त्याच्याच नावच्या कॅश लेजरला जमा झाली की मग तू थ्री-बी विवरणपत्र दाखल करावेस. या साऱ्या व्यवहारात तुझ्या खात्याचे काम येते कोठे? ‘ताई, मला ते जमत नाही, तुम्हीच भरून टाका,’ असे तो म्हणाला असेल आणि नव्या गिऱ्हाइकास नाही कसे म्हणावे म्हणून तू मान डोलावली असशील. त्याच्या गल्ल्याशेजारी बसून एकदा त्याच्याच हातून भरवून घ्यावयाचे होतेस. वीस तारीख टळली की दिवसाला पन्नास रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर सालीना अठरा टक्के व्याज, आणि हे कोणी सोसायचे असा तंटा उभा राहिला म्हणजे पेठ एवढेच विचारील की रक्कम ताईंच्या खात्यात कोणत्या तारखेस आली होती. त्या प्रश्नाला तू काय उत्तर देणार आहेस?

नोकरी सोडून स्वतःचे दफ्तर मांडणाऱ्यास आरंभी येईल ते काम घ्यावेसे वाटते, हे मी जाणतो. पण काम मिळविण्याचे सन्मानाचे मार्ग सांगलीत थोडे नाहीत. ज्या सी.ए.च्या कचेरीत तू शिकलीस तेथील गिऱ्हाइके ओढू नकोस. उलट सप्टेंबरअखेरच्या ऑडिटच्या मुदतीपूर्वी अशा कचेऱ्यांतून नोंदींचे काम तुंबलेले असते, ते मी टॅलीत घालून बँकेशी जुळवून देते, असे स्वतः जाऊन सांग. कुपवाडच्या एमआयडीसीत असे लहान कारखानदार आहेत की ज्यांची खरेदीची बिले पिशवीत पडून असतात. त्यांतील एकाची पिशवी उपसून बस. चौदा तारखेस पोर्टलवर खरेदीच्या करजमेचे टू-बी पत्रक तयार झाले की प्रत्येक बिल त्याच्याशी ताडून पाहा. एक लाखाच्या मालावरील अठरा हजारांचा कर या कारखानदाराने पुरवठादारास दिला आहे, परंतु त्या पुरवठादाराने आपले विवरणपत्र अकरा तारखेपर्यंत भरलेच नाही, म्हणून ते बिल टू-बीत उतरले नाही, असे एखादे तरी आढळेल. तू स्वतः त्या पुरवठादारास फोन करून ते त्याच्याकडून भरवून घेतलेस आणि पुढच्या महिन्यात ते अठरा हजार याच्या पदरी पडले, म्हणजे शेजारच्या शेडमधील मालक तुझा पत्ता आपण होऊन विचारील. मेहनताना मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठरवावा, कागदपत्रे घेताना आणि परत देताना तपशीलवार पोच करावी, आणि ओटीपी ज्याचा त्याने सांगावा. आणि पुन्हा तेच लिहितो, माई, त्याची रक्कम त्याच्याच बँकेतून जावी. एका रात्रीपुरतीही ती तुझ्याकडे नको.

मी इतके का बोलतो, तेही सांगतो. १९८९ साली, दिवाळीच्या पाडव्यापासून वह्या धरणाऱ्या सगळ्या व्यापाऱ्यांना प्राप्तिकर कायद्यातील दुरुस्तीमुळे ३१ मार्चला वर्ष बंद करावे लागले. ते वर्ष बारा महिन्यांहून लांबले, शिल्लक कशी ओढावी हे कोणाला उमगेना, आणि मी दिवाणजी असूनही शेजारच्या पेढ्यांवरून मला बोलावणी येऊ लागली. स्वतंत्र काम सुरू करण्याचा तो क्षण होता. त्याच उन्हाळ्यात तुझ्या आईचे लग्न ठरले होते, अण्णा अंथरुणावर होते, आणि ठरलेला पगार सोडण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या लग्नाचा मला आजही आनंद आहे. परंतु आपल्या नावाची पाटी लागली असती ही रुखरुख पस्तीस वर्षांत गेली नाही. तुझी पाटी लागली तेव्हा मी तिच्याकडे किती वेळ पाहत उभा होतो हे तुझ्या मामीस विचार. त्या पाटीला पेठेच्या कुजबुजीचा डाग लागू नये, एवढ्यासाठी हा सारा आटापिटा आहे.

फार कठोर लिहिले असेल तर मनास लावून घेऊ नकोस. खोलीचे भाडे थकले असेल, आणि म्हणून ती रक्कम चार दिवस तुझ्या हाताशी राहिली असेल, तर तसे मला एका ओळीत कळव. त्याचे कारण मी विचारणार नाही, तुझ्या आईस कळू देणार नाही, आणि व्याज व विलंबशुल्क जे काही निघेल ते माझ्या पेन्शनीतून सहज निघेल. त्या दुकानदाराकडे आपण दोघे मिळून जाऊ, भरलेल्या चलनाची प्रत त्याच्या हाती देऊ आणि पुढील महिन्यापासूनची पद्धत त्याला नीट समजावून सांगू. मी बरोबर असलो म्हणजे तुला बोलणे जड जाणार नाही.

वीस तारीख जवळ आली की तू रात्रीचे जेवण टाळतेस असे तुझी आई म्हणते. मामीने थालीपिठाची भाजणी दळून ठेवली आहे, ती घेऊन मी शुक्रवारी दुपारच्या एस.टी.ने येतो. काम टाकून स्टँडवर येऊ नकोस; खोली मला ठाऊक आहे.

तुझा,
मामा