मॅनिफोल्ड बदलायचा की हेडर बसवायचा? शहापूर-मुरबाडच्या गाडीवाल्यांसाठी खर्चाचा हिशेब

सकाळी थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखालून टिकटिक असा आवाज येतो. गाडी तापली की तो बसतो. चढावर मात्र गाडी ओढत नाही आणि कधी कधी आत धुराचा वास येतो. गॅरेजवाला सांगतो की मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग, गेला, आणि दोन दर पुढे ठेवतो: कंपनीचा मॅनिफोल्ड किंवा बाहेरचा हेडर. शहापूर, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यात जीप, पिक-अप किंवा व्हॅन चालवून पोट भरणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की या दोन दरांत निवड करायला लगेच बसू नका. खूपदा मॅनिफोल्ड शाबूत असतो. गेलेलं असतं ते पॅकिंग, नाहीतर एखादा स्टड तुटलेला असतो. ते काम काही शे रुपयांपासून दोनेक हजारांपर्यंत होतं.

ते ओळखायचं कसं? गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन चालू केल्या केल्या, मॅनिफोल्ड तापण्याआधी, त्याच्या आणि इंजिनच्या हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले तर गळती तिथे आहे. सांध्यालगत हेडवर काजळीचा काळा पट्टा असेल तर पॅकिंग फुंकलेलं आहे. काजळी मॅनिफोल्डच्या अंगावरच, सांध्यापासून लांब, बारीक रेघेसारखी दिसली तर तडा आहे. गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतो, फट मिटते आणि आवाज बंद होतो. म्हणून गाडी गॅरेजला तापलेली नेऊन काही कळत नाही. ती आदल्या संध्याकाळी तिथे सोडा आणि सकाळची तपासणी समोर उभं राहून करून घ्या.

गळती आहे असं कळल्यावर प्रवासी वाहतूक करणाऱ्यांनी एक दिवसही काढू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काचा बंद करून पावसात चाललेल्या, माणसांनी भरलेल्या जीपमध्ये तो शिरला तर आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि ड्रायव्हरही त्यातून सुटत नाही.

आता निवडीकडे येऊ. कंपनीचा मॅनिफोल्ड बहुतेक जुन्या गाड्यांत बिडाचा असतो: जड, जाड, उष्णता धरून ठेवणारा. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी लांब नळी, आणि पुढे सगळ्या नळ्या एकत्र. एका सिलिंडरचा धूर वेगाने बाहेर पडताना मागे कमी दाब तयार होतो आणि तो पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घ्यायला मदत करतो. त्यातून ताकद वाढते हे खरं आहे, पण ती इंजिनच्या ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात वाढते आणि बाजारातल्या बहुतेक हेडरमध्ये तो पट्टा वरचा असतो. कसारा घाटात किंवा माळशेजला तुमची भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर चढते. तिथे लागते ती खालची ओढ. हेडरने ती वाढेलच असं नाही, उलट बऱ्याचदा थोडी कमी होते. शिवाय पातळ नळीतून उष्णता जास्त बाहेर फेकली जाते, शेजारच्या वायरी आणि रबरी होज भाजतात, आणि आपल्याकडच्या पावसात साध्या लोखंडाची नळी लवकर गंजते.

टर्बो डिझेल असेल तर प्रश्नच मिटला. तिथे टर्बो मॅनिफोल्डवरच बसलेला असतो. नळ्यांचा हेडर लावायचा तर टर्बोचं वजन पेलण्याची सोय वेगळी करावी लागते, आणि पोटापाण्याच्या गाडीवर तो प्रयोग करू नये. टर्बोच्या आधी गळती असेल तर टर्बोला पुरेसा जोर मिळत नाही, काळा धूर येतो आणि डिझेल जास्त जातं. त्यामुळे ताकद कमी वाटली की हेडर सुचवणाऱ्याला आधी गळती शोधायला सांगा.

खर्चाचे पट्टे पुढे देतो आहे. ते अंदाजाचे आहेत, गाडीप्रमाणे खालीवर होतील, पण दर ऐकताना हाताशी असू द्या. पॅकिंग १५० ते ६०० रुपये, काढ-घाल मजुरी ५०० ते १५००. तुटलेला स्टड काढून टॅप मारायचा तर नगाला २०० ते ६०० रुपये. मॅनिफोल्ड वाकला असेल तर त्याचं तोंड सपाट करायला, म्हणजे फेसिंगला, ४०० ते १०००. तडा भरून घ्यायला ८०० ते २०००, पण बीड आधी नीट तापवून, निकेलच्या रॉडने वेल्डिंग करून सावकाश थंड करणारा कारागीर असेल तरच. थंड बिडावर घाईने मारलेला टाका शेजारीच पुन्हा फुटतो. साध्या, बिनटर्बोच्या जुन्या डिझेल जीपचा नवा मॅनिफोल्ड अडीच ते सहा हजारांच्या घरात धरा. हेडर बनवून घ्यायचा तर साध्या लोखंडाचा पाच-आठ हजारांत होतो, चांगल्या स्टेनलेसचा बारा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत जातो, आणि पुढचा पाईप जुळवून घेण्याचा खर्च वेगळा.

जुना पण चांगला मॅनिफोल्ड घेणं हा या भागातल्या माणसासाठी मला सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. बीड लवकर झिजत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे आणि आसनगावहून लोकलने कुर्ल्याला थेट जाता येतं. मुरबाडकरांना एसटीने आधी कल्याण गाठावं लागेल. आपला काढलेला मॅनिफोल्ड पिशवीत घालून सोबत न्या आणि भोकांना भोकं लावून बघा. घेण्याआधी दोरीला टांगून हातोडीने हलकं ठोका: आवाज घंटेसारखा घुमला तर ठीक, भद्द आला तर तडा आहे. सपाट काचेवर ठेवून तोंड डगमगतं का पाहा. एक ते अडीच हजारांत असा भाग मिळावा. त्यात गाडी उभी राहिल्याने बुडणारा एक दिवसाचा धंदा धरायला विसरू नका.

नवा भाग घ्या किंवा जुना, तडा कशामुळे गेला ते शोधलं नाही तर पैसे पुन्हा जातील. सायलेन्सर धरून ठेवणारी रबरं तुटली की सगळं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळतं. इंजिनचे माउंटिंग बसले असतील तर दर खड्ड्याला तोच ताण येतो. आणि पावसाळ्यात घाट चढून तापलेली गाडी तशीच फरशीवरून वाहत्या पाण्यात घातली तर लालबुंद बिडावर गार पाणी उडतं. पाण्याला जोर असेल किंवा खोली कळत नसेल तर थांबाच, पाणी उथळ असलं तरी आधी दहा मिनिटं गाडी निवू द्या. बसवताना बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आळीपाळीने आवळायला सांगा आणि दोन-तीन दिवस गाडी चालल्यावर एकदा पुन्हा तपासून घ्या. जुने स्टड काढायचे असतील तर आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांगा. एवढ्यानेच स्टड तुटण्याचा खर्च वाचू शकतो.

पेट्रोल आणि सीएनजीच्या व्हॅनचं गणित वेगळं आहे. त्यांच्या धुराच्या मार्गात कॅटकॉन, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, असतो आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. सेन्सरच्या आधी फट पडली तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर चुकीचं सांगतो आणि पेट्रोल जास्त जातं. अशा गाडीला कॅटकॉन नसलेला हेडर कुणी सुचवत असेल, किंवा ‘कॅटकॉन काढून टाकू, गाडी मोकळी होईल’ म्हणत असेल, तर नाही म्हणा. कॅटकॉनमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. इको व्हॅनचे सायलेन्सर चोरून त्यातली ‘माती’ विकणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये पकडल्या गेल्या आहेत, त्या याचसाठी. काढलेला भाग तुमचाच आहे, तो गॅरेजमध्ये सोडू नका. जुना सायलेन्सर घ्यायचा तर पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका, कारण तो चोरीचा असू शकतो आणि आतून रिकामाही. गाडी रात्री अंगणात उभी राहत असेल तर सायलेन्सरभोवती लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्या. मात्र आधुनिक गाडीवर आर्क वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या वायरी काढायला लावा, नाहीतर हजारभराच्या कामात इसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, जळू शकतो.

मोटारसायकलवाल्या तरुणांशीही बोलायचं आहे. पावसाळ्यात माळशेजला जाणाऱ्या बाइकवर बेंड पाईपपासून मागपर्यंत बाहेरचा सायलेन्सर दिसतो. तो दीड ते पाच हजारांत मिळतो, मोठ्या नावाचा पूर्ण संच पंधरा हजारांच्या पुढे जातो. कायदा इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली आवाज आणि धुराची मानकं मोडली तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन तीन महिने जातं. परवानगी नसलेला बदल केल्यास कलम १८२-अ (४) प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मुरबाड एमआयडीसीत रोज बाइकने कामाला जाणाऱ्यासाठी तीन महिने लायसन नसणं हे दंडापेक्षा महाग आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत तर सेन्सर आणि इंजेक्शन मूळ सायलेन्सरच्या हिशेबाने जुळवलेले असतात. पाईप बदलला की पिवळा दिवा लागणं, ठसका खाणं, पीयूसीला अडणं, वॉरंटीत वाद होणं हे पुढचे खर्च. आणि गावातल्या म्हाताऱ्यांची, तान्ह्या पोरांची झोप मोडते, त्याला दर नाही.

मूळ सायलेन्सर गंजला असेल तर भोक पडल्या पडल्या दीडशे-चारशे रुपयांत टाका मारता येतो. घर ते नाका एवढंच चालवलं की आत साचलेलं पाणी वाफ होऊन निघत नाही आणि नळी आतून गंजते. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. शेतातला चिखल धुवायचा तो पाईप थंड झाल्यावर. बाहेरचा पाईप स्टेनलेस आहे का हे फक्त लोहचुंबकाने ठरवू नका. ३०४ दर्जाला तो सहसा चिकटत नाही हे खरं, पण ४०९ हेही स्टेनलेसच आहे, सायलेन्सरसाठी सर्रास वापरलं जातं, आणि त्याला चुंबक चिकटतो.

पार्ट घेताना पार्ट नंबर आणि छापील किंमत असलेलं लेबल बघा. सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता, तेव्हा जुन्या दरपत्रकावरून कुणी किंमत सांगत असेल तर विचारा. बिलावर भागाचं नाव, मजुरी वेगळी आणि किती दिवसांची हमी हे लिहून घ्या. तोंडी हमी तक्रारीत सिद्ध करणं अवघड जातं. वाद झाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि त्याने भागलं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे तक्रार शुल्क लागत नाही. अर्जासोबत बिल, काढलेल्या भागाचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत जोडा.