मे 2022 ने दिलेला धडा

31 जुलै 2020 ला मी भिलाईच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झालो. कोरोनामुळे निरोपाचा हारही नाही. फंड आणि ग्रॅच्युइटी तेवढी खात्यात आली. रिझर्व्ह बँकेने मार्चमध्ये रेपो दर 5.15 वरून 4.40 वर आणला होता, मे महिन्यात 4 टक्क्यांवर. ठेवींचे व्याज डोळ्यांदेखत उतरत होते आणि वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमध्ये जो भेटे तो म्हणे, अजून पडणार. त्या धास्तीतच मी निर्णय घेतला.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तेव्हाच्या मर्यादेइतके 15 लाख 7.4 टक्क्यांनी ठेवले, ते बरे केले. बाकीची जवळजवळ सगळी रक्कम मात्र 6.2 टक्क्यांनी 10 वर्षांच्या एकाच ठेवीत अडकवली. दर तळाला असताना मुदत लहान हवी, दर चढल्यावर लांब. मी नेमके उलटे केले.

हाताशी 6 लाख उरले होते. 2021 च्या उन्हाळ्यात पोलादाचे भाव भडकले, तसे तेही एका पोलाद कंपनीच्या शेअरमध्ये घातले. उभा जन्म भट्टीजवळ गेला, हा धंदा आपल्याला कळतो असे वाटले. पण मला कळत होते पोलाद कसे बनते ते. त्याचा भाव कशाने हलतो, हे मला ठाऊक नव्हते.

2022 मध्ये महागाई चढली. एप्रिलचा आकडा 7.79 टक्के निघाला. 4 मेला रिझर्व्ह बँकेने नेहमीच्या बैठकीची वाट न पाहता रेपो 4.40 केला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर नेला. नव्या ठेवींना साडेसात टक्के मिळू लागले. माझी मोडावी, तर दंड होताच. शिवाय आधी दिलेले जादा व्याज मुद्दलातून कापले जाणार होते. विचार करण्यातच वेळ गेला. 2022 च्या त्याच मे महिन्यात देशातले पोलादाचे भाव उतरावेत म्हणून सरकारने त्याच्या अनेक प्रकारांवर 15 टक्के निर्यात शुल्क लावले. शेअर आधीच घसरत होता. जूनमध्ये मी घाबरून तो निम्म्या भावाने विकला. शुल्क नोव्हेंबरात उठले. ठेव आणि शेअर या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या, पण एकाच महागाईने दोन्हींना गाठले.

भिलाईकरांनो, आपला पगार, मुलाची नोकरी, घराचे भाडे, सुपेल्यातले दुकान, सगळे आधीच पोलादावर उभे आहे. निदान बचत तरी दुसरीकडे असू द्या.

फेब्रुवारी 2025 पासून दर पुन्हा उतरू लागले आणि डिसेंबरात रेपो 5.25 वर आला. पुन्हा तीच धास्ती मी लोकांच्या तोंडी ऐकतो. आता निवृत्त होणाऱ्यांनी आधी ज्येष्ठ नागरिक योजना भरावी. 2023 पासून तिची मर्यादा 30 लाख आहे. उरलेले पैसे एक, दोन, तीन, पाच वर्षांच्या वेगवेगळ्या ठेवींत ठेवा, म्हणजे दर चढले तर वेळोवेळी काही रक्कम मोकळी होऊन नव्या दराने ठेवता येते. रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या व्याजाच्या रोख्यांचाही विचार करा. त्यांचा दर दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतो; 2020 मध्ये तो 7.15 टक्के होता, जुलै 2023 मध्ये 8.05 झाला. पैसे मात्र 7 वर्षे अडकतात, साठीनंतर थोडी सूट मिळते. म्हणून दुखण्याखुपण्याचे पैसे त्यात घालू नका.

माझी ती ठेव 2030 च्या ऑगस्टमध्ये सुटेल.