बेरीज जुळली नाही

समजा, 1995 साल आहे. गावच्या दूध सोसायटीत संगणक आलेला आहे. पंधरवड्याचं बिल उद्या वाटायचं आहे. कुणी किती दूध घातलं, कुणाची उचल किती, सगळा हिशेब एका फ्लॉपीत आहे. सचिव फ्लॉपी यंत्रात घालतो. यंत्र घर्र घर्र करतं आणि थांबतं. पडद्यावर इंग्रजीत तीन शब्द येतात. त्यांचा अर्थ असा : सोडून देऊ, पुन्हा बघू, की वाचता आलं नाही म्हणून पुढं जाऊ?

दारात माणसं उभी आहेत. सचिवानं आता काय करावं?

आधी फ्लॉपी म्हणजे काय ते पाहू. बाहेरून चौकोनी, टणक डबी. आत पातळ, मऊ चकती. चकतीवर चुंबकाचा गुण असलेला लेप असतो. यंत्रात ती मिनिटाला 300 फेरे घेते. वाचणारं टोक तिला टेकूनच चालतं. म्हणून धूळ गेली की ओरखडा उठतो. पावसाळ्यात बुरशी धरते, ती वेगळीच. चुंबक जवळ आलं तर लिहिलेलं पुसतं.

चकतीच्या दर बाजूला 80 कडी असतात. दर कड्यात 18 खण. दोन्ही बाजू मिळून 2,880 खण झाले. एका खणात इंग्रजी 512 अक्षरं मावतात.

आता गंमत बघा. यंत्र खणात नुसती अक्षरं लिहीत नाही. शेवटी ताळ्याचा एक आकडा लिहितं. आपण वहीच्या पानाखाली बेरीज मांडतो ना, तसा. वाचताना यंत्र तो हिशेब पुन्हा करतं. आकडा जुळला नाही, तर खणात काहीतरी बिघडलं आहे.

म्हणजे बिघाड झाला हे यंत्राला कळतं. मुळात काय लिहिलं होतं, ते मात्र कळत नाही. बेरीज चुकली म्हणून कोणती ओळ चुकली, हे आपल्याला तरी कुठं कळतं?

कोणत्या खणात कुणाचं काय ठेवलं, याची एक यादी फ्लॉपीवरच असते. त्या काळी डॉस नावाचा कारभारी ती सांभाळी. हा कारभारी म्हणजे माणूस नव्हे, संगणकातलीच एक व्यवस्था. नवी फ्लॉपी तयार करताना सगळे खण तपासले जात. खराब खणापुढं यादीत 4087 हा आकडा पडे. मग तिथं कुणी काही ठेवायचं नाही. ही रीत चांगली होती.

यादीच्या दोन प्रती असत. एक बिघडली तर दुसरी कामाला यावी म्हणून. पण दोन्ही प्रती शेजारी शेजारी, जवळजवळ सगळ्या बाहेरच्या एकाच कड्यात! खरेदीखत आणि त्याची नक्कल एकाच ट्रंकेत ठेवावी, तसं हे झालं. ट्रंकेला वाळवी लागली की दोन्ही गेली.

चांगल्या कारभाऱ्यानं कसं वागावं? वाचता आलं नाही, तर दोनचारदा पुन्हा बघावं. टोक मागं नेऊन परत आणावं. कधी कधी तेवढ्यानं जमतं. पण शंभरदा घासू नये, घासून चकती आणखी खराब होते. जमलं नाही तर स्पष्ट सांगावं, कोणत्या कागदाचा कोणता भाग गेला ते. बाकीचा चांगला भाग हाती द्यावा. एका खणासाठी सगळा संगणक अडवून धरू नये. लिहिताना खण खराब निघाला, तर दुसऱ्या रिकाम्या खणात लिहावं आणि खराबावर खूण करावी. डॉस हे आपण होऊन करीत नसे. तो तेच तीन शब्द विचारी.

आणि लिहून पुरं झाल्याशिवाय 'लिहिलं' म्हणू नये. 2011 साली सोनी कंपनीनं जपानात फ्लॉपी विकणं थांबवलं. आता पेनड्राइव्ह आले. तिथंही हीच भानगड आहे. पडद्यावर काम झालेलं दिसतं, पण आत लिहिणं चालूच असतं. आपण घाईनं उपटून काढतो आणि हिशेब अर्धा राहतो.

आता सचिवाकडं येऊ. 'पुढं जा' म्हणणं धोक्याचं. हिशेबाच्या प्रोग्रामनं ती चूक मनावर घेतली नाही, तर खोट्या आकड्यांचं बिल छापून निघेल. कुणाची उचल दुप्पट, कुणाचं दूध शून्य!

त्यानं 'सोडून दे' म्हणावं. फ्लॉपी काढावी. कोपऱ्यातली बारीक खुंटी सरकवून भोक उघडं करावं. मग यंत्राला तिच्यावर काही लिहिता येत नाही. नंतर जेवढं वाचता येईल तेवढं दुसऱ्या फ्लॉपीत उतरवावं.

एक खण गेला. एका सभासदाची ओळ 80 अक्षरांची धरली, तर सहासात जणांचा हिशेब गेला. तेवढाच.

सचिव दारात येऊन म्हणतो, "आबा, बिल उद्याच मिळेल. पण तुमची दुधाची वही घेऊन या. तुमच्या शेजारच्या मावशींनाही आणायला सांगा."

"आणि वही भिजली असली तर?" आबा विचारतात.

"तर संकलनाचं रजिस्टर आहे. त्यात तुमचं रोजचं दूध शाईनं लिहिलंय."